तिरम्यांची मोजणी

सईदाबी पिंजारीण दुपारी सुईत दोरा ओवायची, तेव्हा अंगणातल्या बायका हातातलं काम टाकून तिच्याभोवती येऊन बसायच्या. सकाळभर तिचा नवरा अयूब पिंजणाच्या तारेवर लाकडी ठोकळा मारत असे. त्या तांय-तांय आवाजात शेजारच्या घरातलंही बोलणं ऐकू यायचं नाही. जुन्या रजईतला गोळे झालेला कापूस दुपारपर्यंत फुलून अर्धं अंगण व्यापायचा. मग पिंजण भिंतीला टेकायचं, अयूब बिडी ओढायला पाराकडे निघून जायचा आणि सईदाबी खोळीत कापूस भरून, काठीने सारखा करून टाके घालायला बसायची. पहिला टाका पडला की गोष्ट सुरू. शेवटची गाठ पडली की बंद. मध्ये चहा आला तर गोष्टीतली माणसंही तेवढा वेळ थांबायची.

तिच्याबद्दल कोणीतरी चांगलं लिहायला हवं होतं. मी पाच गावांत सायकलवर डाक वाटणारा माणूस. नोकरीत लिहिलं ते एवढंच : घर बंद, पत्ता सापडत नाही, घेण्यास नकार. पण लिहिता येणारं कोणी तिच्या अंगणात बसलं नाही, आणि ज्या बसल्या त्या बायका आता माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणून जमेल तसं लिहितो.

सईदाबी धानोऱ्याकडची. बापही पिंजारी होता, जंगलातल्या गावोगाव फिरायचा. लहानपणी तिचं काम एकच : पिंजलेल्या कापसावर चादर टाकून, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बसून राहायचं. ती स्वतःच इतकी बारीक होती, की बाप तिच्या मांडीवर एक गोटा ठेवायचा. तिथे बसल्या बसल्या तिने एक अख्खी जमात मनाने तयार केली. लग्न होऊन सावली गावाला आली, चार लेकरं झाली, आणि ती जमातही सोबत वाढत राहिली. त्यांचं नाव तिरमी. हे नाव कुठून आणलं म्हणून विचारलं, तर म्हणायची, "आणलं नाई. त्यायचंच हाय."

सात राजांच्या मुलखात, एका डोंगराच्या आडोशाला राहणारे हे थोडेसे लोक. अंगाने असे हलके, की जोराचा वारा आला तर उडून जातील. म्हणून प्रत्येकाच्या कमरेला एक गोटा. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी मामाने ओढ्यातून गोटा शोधून आणायचा आणि बांधायचा. माणूस मेलं की गोटा तिथेच ठेवायचा आणि पुढे व्हायचं. आपण किती आहोत हे तिरमी डोकी मोजून ठरवत नसत, गोटे मोजून ठरवत. दोघांत भांडण झालं, तर एक दिवस एकमेकांचे गोटे बांधून फिरायचं. संध्याकाळपर्यंत भांडण तरी मिटायचं, नाहीतर कंबर तरी दुखायची.

कवठीचा इतवारी ढिवर एकदा जाळं विणता विणता ऐकत होता. त्याने विचारलं, "सईदाबाई, तुह्या गोष्टीत राजा कवा येते वो?"

"येते ना. रस्ता विचाराले येते आन् जाते," ती म्हणाली. "राजाच्या गोष्टी सांगाले सारी दुनिया पडली हाय. राजाच्या वहीत ह्या लोकायचं नाव 'व इतर' मधी हाय. मी त्या इतरचं सांगून राह्यली."

एका घरी एक दिवस, एका दिवसाची एक रजई. पाच गावं मिळून हिवाळ्याच्या पंधरा-वीस रजया व्हायच्या. त्यामुळे तिरम्यांचा इतिहास कोणत्याच घराकडे पूर्ण नव्हता. एकाकडे दुष्काळ, दुसऱ्याकडे लग्नाची रीत, तिसऱ्याकडे दोन राजांच्या फौजांना एकच वाट सांगितली ती हकिगत. पाचही गावांत फिरणारा मी एकटा. बायका दारातच अडवायच्या. "लटारूभाऊ, चिठ्ठी ठेवा तिकडं. बोरमाळ्यात काय झालं ते सांगा." मला चार माणसांत बोलायची लाज वाटते, पण हे सांगावंच लागायचं. सईदाबीलाही ते ठाऊक होतं. ती मला म्हणायची, "जसं ऐकलं तसंच द्या भाऊ."

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात कवठीला नीलाबाईकडे रजई झाली. नीलाबाई विधवा, मूलबाळ नाही, दीड एकर धान आणि पाच एकराची जीभ. त्या दिवशी गोष्टीत झेंगी आली. या पोरीला मामा नव्हता, म्हणून तिला गोटा कोणी बांधला नव्हता. ती सदा कोणाचं तरी बोट धरून चालायची. बोट सोडलं की पाय जमिनीवरून उचलले जायचे.

नीलाबाई भडकली. "मामा नाई तर मावशी नाई का? सारं गाव मेलं का? कोनी तरी गोटा द्या ना बाप्पा पोरीले!"

"त्यायची रीत नाई तशी, बाई."

"रीतीले आग लागो!"

त्या दिवशी सईदाबीला बिनसाखरेचा चहा मिळाला.

पुढच्या हिवाळ्यात बोरमाळ्याला, इंदुताईच्या अंगणात, मी एक आंतरदेशीय पत्र द्यायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. तिरम्यांच्या डोंगरावरची झाडं सातही राजांनी लढाईच्या होड्या बांधायला तोडून नेली होती. आडोसा गेला, वारा वाढला. आता नदीपलीकडच्या दाट रानात जायचं म्हणून सगळे तिरमी निघाले होते. उघड्या माळावरून रांग चालली होती. झेंगीने एका म्हातारीचं बोट धरलं होतं. समोर नाकतोडा उडाला. तो धरायला तिने बोट सोडलं, आणि वाऱ्याने तिला उचललं.

एवढंच. एका टाक्यात. इंदुताईने "अवो!" म्हणून तोंडावर पदर घेतला. सईदाबीची सुई थांबली नाही. "तिरम्यायनं मागं पाह्यलं नाई," ती म्हणाली. "रांग तुटली असती, तर सारेच गेले असते."

चौथ्या दिवशी मला कवठीला जायचं होतं. नीलाबाई फाटकातच उभी होती. "झेंगीचं सांगा."

मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. माझ्या तोंडून निघालं, "तिला गोटा भेटला."

"भेटला! कोनी देला?"

"एका म्हाताऱ्याने."

"काळा का पांढरा?"

"काळा."

"पाहा, मी म्हटलं होतं ना," असं म्हणून नीलाबाईने मला बळेच बसवून पोहे खाऊ घातले. मी सगळे खाल्ले. मला वाटलं, जाऊ दे, बनवलेलीच तर गोष्ट आहे. एक पोर जगली तर कोणाचं काय बिघडणार?

पुढच्या वर्षी सईदाबी कवठीला आली. मी डाक घेऊन नीलाबाईच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा पहिले टाके पडत होते. नीलाबाई म्हणाली, "काऊन सईदा, झेंगीले तो काळा गोटा भारी तर नाई होत? लहान जीव हाय."

सुई थांबली. सईदाबीने नीलाबाईकडे पाहिलं, मग मान वर करून कुंपणापलीकडे माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा टाके घालायला लागली, पण तोंड उघडलं नाही. ती रजई मुकीच शिवली गेली. बायकांना वाटलं, मागच्या बिनसाखरेच्या चहाचा राग.

बसथांब्यावर तिने मला गाठलं. अयूब जरा लांब पेटीवर बसला होता.

"भाऊ, पाकीट फोडून आतली चिठ्ठी बदलली असती का तुमी?"

"नाही."

"मंग?"

मी पिशवीतली पत्रं उगाच सारखी केली.

"तिरमी नदीवर पोचले हायेत," ती म्हणाली. "नदी ओलांडाच्या आधी त्यायची मोजणी असते. आता चार गावांत झेंगी गेली, कवठीत झेंगी हाय. मी मोजू कशी?"

"तुम्हीच नीलाबाईला सांगा ना."

"मी काऊन सांगू? मी तिले खोटं सांगितलं का? तुमी सांगा. तुमी सांगत परयंत मोजणी नाई आन् नदीबी नाई."

बस आली. ती चढून गेली. माझं नाव तिने कोणापुढेही घेतलं नाही, हे मात्र मला पुढे कळलं.

तिथून तिरमी नदीकाठी उभे राहिले ते राहिलेच. सत्त्याण्णव गेलं, अठ्ठ्याण्णव गेलं. सईदाबी यायची, रजया शिवायची. बायका विचारायच्या, "ओलांडली का?" ती म्हणायची, "उभे हायेत." फार मागे लागल्या तर जुनी एखादी रीत सांगायची, पुढचं नाही.

गावांना चैन पडेना. त्यात नदीचा पेच असा, की कमरेला गोटा ठेवावा तर तिरमी पाण्यात बुडणार आणि सोडावा तर वारा नेणार. नावा राजांकडे. धानाची रोपं रोवताना बांधीतल्या चिखलात बायका यावरून भांडायच्या. कोणी म्हणायचं दोर बांधा, कोणी म्हणायचं उन्हाळ्यात पाणी आटेल तेव्हा चाला. इतवारी ढिवराने तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "एकेकाले मडक्यात बसवून सोडावं म्हना. नदी मले समजते. बाईले सांगा, इतवारीनं सांगितलं." मी सांगितलं. सईदाबी म्हणाली, "त्यायच्यात मडके नाईत. आन् नदीचा इलाज तर मलेच ठाऊक नाई, भाऊ. मोजणी झाली की तेच काढतीन."

एकदा सावलीच्या बाजारात अयूब भेटला. पिंजणाच्या आवाजाने त्याचे कान केव्हाच अधू झाले होते. आयुष्यभर तो त्या गोष्टीसोबत गावोगाव फिरला आणि त्याने ती एकदाही ऐकली नव्हती. तो मोठ्याने बोलायचा, सगळा बाजार ऐकायचा.

"लटारूभाऊ, आमच्या बाईले काय झालं हो? चार वर्स झाले, उभ्यानं जेवते! म्हनलं बस. म्हनते, ते उभे हायेत तं मी कशी बसू? कोन उभे हायेत? घरात तं कोनीच नाई!"

मी बाजार न करताच परतलो. घरी आल्यावर मला एका जागी बसवेना. दुसऱ्याच दिवशी सायकल काढून कवठीला गेलो. नीलाबाईच्या दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "काय हो भाऊ?" मी म्हणालो, "पाणी." पाणी प्यायलो आणि परत आलो. त्या दोन-तीन वर्षांत त्या घरचं इतकं पाणी मी प्यायलो, की नीलाबाईने एकदा विचारलं, "तुमच्या गावची विहीर आटली का?"

दरम्यान बाजारात हलकी, गुबगुबीत, वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं आली. सावलीत कापूस पिंजायचं यंत्र आलं. वीस रजयांच्या बारा झाल्या, मग पाच. दोन हजार एकमध्ये मी नोकरीतून निवृत्त झालो. त्याच सुमारास सईदाबीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात अयूब माझ्या दारात आला. म्हणाला, "यंदा एकच घर हाय, कवठीची नीलाबाई. मंग झालं. पोरगा जिशान चंद्रपूरले घेऊन जाते आमाले. डोळ्याचं आपरेशन करते, मंग सुई नाई म्हनते डाक्टर. बाईनं निरोप देला : भाऊले सांगजा, उद्या."

एवढाच निरोप. त्याचा अर्थ अयूबला कळला नव्हता, मला कळला. उद्या मी बोललो नाही, तर ते लोक कायमचे काठावर.

सकाळी आठलाच मी कवठीला पोचलो. अयूब पिंजत होता, सगळं अंगण पांढरं झालं होतं. नीलाबाई तुरीच्या शेंगा निवडत होती, सईदाबी खोळ उलटवत होती. मी उठायचो, कुंपणापर्यंत जायचो, परत येऊन बसायचो. पिंजणाच्या त्या गजरात धीर करून मी एकदा सगळं बोलूनही टाकलं, झेंगी, नाकतोडा, काळा गोटा, सगळं. कोणालाही ऐकू गेलं नाही. नीलाबाईने माझे ओठ हलताना पाहिले आणि पाण्याचा गडू आणून ठेवला.

दुपारी तार थांबली. अयूब पाराकडे गेला. कापूस भरला गेला. सईदाबीला सुईचं नाक दिसेना, म्हणून नीलाबाईने दोरा ओवून दिला. सईदाबीने सुई कापडाला लावली आणि तशीच धरून ठेवली. टाका घातला नाही.

मी म्हणालो, "नीलाबाई, झेंगीला गोटा मिळाला नव्हता. तिला वाऱ्याने नेलं. बोरमाळ्यालाच. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

नीलाबाई शेंगा निवडतच राहिली. म्हणाली, "मले मालूम हाय."

"काय?"

"त्याच उन्हाळ्यात मूल गावच्या एका लग्नात इंदुताई भेटली. पंगतीत माह्या बाजूलेच बसली होती. तिनं सारं सांगितलं, नाकतोड्यासकट. तुमाले काय वाटलं भाऊ, गावोगावच्या बातम्या तुमच्या सायकलीवरच जातेत?"

मला खरंच तसंच वाटत होतं.

"मंग मले काऊन नाई म्हटलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"चष्मा पुसू पुसू सांगत होते तुमी. म्हटलं, ह्या बिचाऱ्यालेच जास्त लागलं दिसते. राहू दे."

सईदाबी इतका वेळ ऐकत होती. आता तिचा आवाज चढला. "आन् मले? मले काऊन विचारलं मंग, काळा गोटा भारी होते का म्हनून? मालूम होतं तरी?"

नीलाबाईने सूप खाली ठेवलं. "मले वाटलं, तू होय म्हनशील. तुह्याच हातात होतं, सईदा. एक टाका. होय म्हनली असती, तं कोनाचं काय गेलं असतं?"

"माह्या हातात नव्हतं, बाई. असतं तं मी तिचं बोट सुटू देलं असतं का?"

नीलाबाईने मांडीवरची तुरीची टरफलं झटकली. मग नीलाबाई म्हणाली, "नाई, मले एक सांग. वाऱ्यानं नेली, नेली! नेली तं कुठी नेली? वारा का तिले खिशात घालून बसला? कुठून कुठी वाहते तुह्या गोष्टीतला वारा?"

सईदाबीने पहिला टाका घातला. दुसरा घातला. तिच्या कपाळावर आठी होती, जणू तीही कोणाचं तरी ऐकत होती.

"डोंगराकडून नदीकडं," ती हळूच म्हणाली. "नदीपलीकडं."

"मंग!" नीलाबाई म्हणाली.

मग मोजणी झाली. एकशे बारा गोटे. झेंगीचा गोटा नव्हताच, म्हणून गोट्यांत कमी-जास्त काही नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिरम्यांनी डोकीही मोजली, आणि बिनगोट्याची झेंगी धरता एक कमी भरलं, आणि ते सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. मग जिच्या बोटातून झेंगी सुटली होती ती म्हातारी पुढे आली. तिने कमरेचा गोटा सोडला, काठावर ठेवला, पदर पसरला आणि उभी राहिली. वाऱ्याने तिला उचललं. ती पाण्यावरून जाताना सगळ्यांनी पाहिली. लहान होत होत दिसेनाशी झाली. मग एक जोडपं. मग चौघं. मग लेकरांना पाठीशी बांधून बाया. सईदाबीचे टाके वाकडेतिकडे पडत होते, दोरा हातभर लांब ओढला जात होता. नीलाबाई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती, एक संपायच्या आत दुसरा. मी उभाच होतो.

एकसष्ट गेले. बाकीच्यांनी गोटे आणखी घट्ट आवळले. पलीकडचं कोणी परत येऊन सांगत नाही, तोवर आम्ही इथेच, असं म्हणून ते वाळूत बसले.

टाक्यांची शेवटची ओळ आली. सईदाबीने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"पोचले का?" नीलाबाईने विचारलं.

"रजई झाली, बाई."

"माह्याजवळ दुसरा कापूस हाय. उशी कर. लहानशी."

"उशीत टाके किती पडतेत?" सईदाबी म्हणाली आणि हसली. नीलाबाई हसली नाही. तिने रजईची घडीही घातली नाही, तशीच मांडीवर ओढून घेतली.

अयूब बिडी संपवून आला. बायकोला खाली मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसलेली पाहून तो ओरडला, "काय झालं?"

"गेले!" तीही ओरडली.

"कोन गेले? बस गेली?"

निघताना तिने मला फाटकाशी बोलावलं. "भाऊ, चार गावं राह्यली. नोकरी गेली तरी हे पोचवा लागते. एकसष्ट गेले, बाकी बसले. तेवढंच. इकडचा शब्द तिकडं नाई." मी हो म्हणालो. तिने माझ्या चष्म्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आन् हे घरी ठेवून जा." मग ती बसथांब्याकडे गेली. चंद्रपूरला गेल्यावर तिने सुई धरली नाही असं ऐकलं. मी तिला भेटायला गेलो नाही. जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोरमाळ्याला गेलो. इंदुताई खळ्यावर होती. मला पाहून दोघी-तिघी धावत आल्या. मी उभ्या उभ्या सांगितलं : नीलाबाईला सगळं आधीच माहीत होतं ते, वारा, म्हातारी, एकसष्ट, बाकीचे वाळूत, आणि सईदाबी आता लेकाकडे चंद्रपूरला राहणार तेही. जसं ऐकलं तसं. चष्मा डोळ्यांवरच होता, पण हात मी पाठीमागे धरले होते.

इंदुताईने सगळं ऐकलं आणि तोच प्रश्न विचारला, ज्याची मला सकाळपासून धास्ती होती. "मंग पलीकडं झेंगी भेटली का त्या म्हातारीले?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हो म्हणणं फार सोपं होतं. जिभेवर आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत नाई म्हंजे? तुमी तिथी होते ना! विचारलं काऊन नाई?"

"नीलाबाईने विचारलं होतं, पोचले का म्हणून. रजई झाली होती."

"आन् ते बसलेले? ते अजून बसूनच हायेत?"

"हो."

इंदुताईने अंगावरचं भूस झटकलं. मग तिने पदर खोचला, खळं सुनेवर सोपवलं आणि म्हणाली, "घरात तीन जुन्या रजया पडल्या हायेत. चंद्रपूरची बस किती वाजता हाय?"